बारा ते तीन

चोडणच्या बांधाचा आराखडा मी हाताने काढत नाही,
ओळींनी लिहिते.
कंस, स्वल्पविराम, कंस, शेवटी अर्धविराम.
तो एक विसरला की सगळी मांडवी नाहीशी होते
आणि पडद्यावर लाल अक्षरांत तक्रार उमटते.

त्या रात्रीची भरती मला मिळाली
रुझार फेर्नांदिसच्या चौकटीच्या वहीत.
पानाला काळुंदराचा खवला चिकटलेला.
नऊला एक दहा.
साडेदहाला एक पासष्ट.
बाराला दोन पाच.
मग काही नाही.
मग तीनला पुन्हा दोन पाच, आकडे वाकडे,
आणि बाजूला, बांध गेला.

पट्टीने जोडलं तर बारा ते तीन
पाणी सपाट, सिमेंटच्या गच्चीसारखं.
असं कोपऱ्याकोपऱ्याने ते चढत नाही
हे फेरीवरचं शेंबडं पोरही सांगेल.
म्हणून वक्र.

वक्राला आणखी दोन बिंदू लागतात
जे छापून येत नाहीत.
रेघ त्यांच्या ओढीने वर जाते,
गळाला नाक लावून न गिळता फिरणाऱ्या
शेवट्यासारखी अलीकडूनच वळते.
पाणी तिथे कधी पोचलेलं नसतं.
तरी किती चढायचं ते तेच ठरवतात.

बांधाचा माथा दोन तीस.
मी ते दोघे दोन पस्तीसवर ठेवले:
पाणी माथ्याखाली अडीच सेंटिमीटर थांबलं.
म्हणजे बांधावरून गेलं नाही, दारातून गेलं.
म्हणजे मानस उघडी राहिली,
पावणी ज्याने घेतली त्याचं नाव वर,
दंड, आणि तीन वर्षं पिकणार नाही त्या खाजनाची भरपाई.
दोन पंचेचाळीसवर ठेवले:
पाणी माथ्यावरून पाच सेंटिमीटर.
म्हणजे उधाण. उधाणाला नोटीस लागत नाही.

दोन्ही रेघा सारख्याच गुळगुळीत.
बोट फिरवलं असतं तर
एकीलाही कुसळ लागलं नसतं.

रविवारी रायबंदरहून फेरी घेतली.
टेप नेला होता, कॅमेरा नेला होता.
गवतावर काडीकचऱ्याची रेघ कुठवर आहे ते बघायचं होतं.
खिंडारापाशी उभी राहिले.
ज्या मातीवर ती राहिली असती
तीच माती वाहून गेली होती.
पलीकडे कोरगुटाची ताटं, मिठाने पांढरी,
त्यांत बगळे खुशाल.
मानशीच्या दोन फळ्या
भरतीने आपोआप मिटतात, सुकतीला उघडतात,
मधे लाकडाचा तुकडा अडकला तर मिटत नाहीत.
त्या रात्री अडकला होता का?
फळ्या आता धुऊन, डांबर लावून ठेवल्या होत्या.

रुझार जाळं विणत होता.
बारा ते तीनचं विचारलं.
त्याने गाठ पुरी केली, दाताने दोरा तोडला.
"न्हिद लागली, बाय."
मग बऱ्याच वेळाने,
"तशेंच बरय."
पुढे काय होईल ते विचारलं नाही.
निघताना पिशवीत चार काळुंदरं घातली,
मी ती नको म्हणत घेतली.

रात्री घरी पुन्हा ओळी उघडल्या.
दोन चाळीस. जेमतेम वर.
दोन अडतीस. आता पाणी आणि माथा
यांच्यात रेघेच्या जाडीएवढीही जागा नाही,
शाईलाच शाई लागलेली.
इथे थांबवावं असं वाटलं,
कुणाला काही कळलं नसतं.
हाताला मासळीचा वास होता.

ते दोघे पुसून टाकले.
नऊ ते बारा वक्र चढतो, सुरेख.
तीनपासून उतरतो.
मधे कोरा कागद,
त्यातून बांधाचा माथा एकटाच सरळ जातो.
उद्या साहेब विचारतील,
हे मधे तुटलंय का, तुमचा कोड बिघडला का.

टक्क्याच्या चिन्हापुढे जे लिहावं
ते चित्रात येत नाही.
तिथे एक ओळ घातली:

% रुझारला झोप लागली. असंच लिही म्हणाला.