पिवळ्या डोक्याचा

घड्याळ सहाला दिवे लावतं
आणि उंदीर झोपायला जातात.
बाहेर हायवेवर कोल्हापूरची बस, धारवाडची बस.
अडिवेप्पा भाताचं तूस बदलतो, पिंजऱ्यामागून पिंजरा.

ओळखीसाठी पिक्रिकचा पिवळा ठिपका:
डोक्यावर, पाठीवर, शेपटीवर, आणि एक कोरा.
नावं ठेवायची नाहीत, सर पहिल्याच दिवशी म्हणाले.
मी ठेवली नाहीत. कुणालाच.

मांडीमागचा स्नायू बाजूला सारला
की नस दिसते, ओल्या सुतासारखी लकाकणारी.
तिच्याभोवती चार गाठी, मिलिमीटरच्या अंतरानं.
सैल बांधायच्या.
रक्त वाहतं राहिलं पाहिजे, आणि दुखणंही.

ही गाठ मला विरुपाक्ष कामकरांनी शिकवली,
वडगावात मी ज्यांच्या माडीवर राहते.
चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस,
तुटका धागा हातात देत म्हणाले, "बघ, असा",
कशाला हवी ते विचारलं नाही.

आषाढात त्यांना नागीण उठली,
डाव्या बरगडीवरून पाठीपर्यंत.
फोड गेले. आग राहिली.
आता सदरा सोसत नाही,
पंख्याचा वारा सोसत नाही.
खाली माग खडखडत असतात
आणि हे वर उघड्या अंगानं उभे.
सुनेनं घडीला साडी दिली
तर दोन बोटांत, लांबून धरतात,
जणू कुणाची तरी आहे.

आमच्याकडे हेच मोजतात.
जाळीवर उंदीर, खालून नायलॉनचा केस,
तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा.
पाय उचलला, लिही. नाही उचलला, जाडा केस घे.
धडधाकट पाय पंधरा ग्रॅम झेलतो.
चौदाव्या दिवशी पिवळ्या डोक्याच्यानं
दीड ग्रॅमला पाय झटकला
आणि कितीतरी वेळ चाटत बसला.

दुसऱ्या गटाला निर्गुडीचा अर्क,
कणकुंबीच्या वाटेवरची पानं, मीच तोडलेली.
तिसऱ्याला दुकानातली गोळी.
पहिल्याला डिंकाचं पाणी, नुसतं.
पहिल्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.
पिवळ्या डोक्याचा पहिल्यात. चिठ्ठी मीच उचलली होती.

"पाप," अडिवेप्पा म्हणायचा, पिंजऱ्यात वाकून.
वर्षभर मी ते मराठीत ऐकलं,
मान खाली घालून आकडे लिहिले.
मग एकदा त्याची नात आली, गुडघा फुटलेला,
तिलाही तो तेच म्हणत होता, फुंकर घालत.
कानडीत बिचारं.
"आणि आपलं पाप?" मी विचारलं.
"तेही पापच," तो म्हणाला, "म्हणण्यावर आहे."

एकविसाव्या दिवशी दुसरा गट नऊ ग्रॅमवर आला.
सरांनी कुंदा वाटला.
संध्याकाळी तिन्ही गट.
प्रबंधात त्याला शब्द आहे: बळी दिले.
कुठल्या देवीला, त्याचा रकाना नाही.
माझ्या बोटांवरचा पिवळा डाग
साबणानं जात नव्हता, मी फार घासलाही नाही.

"झालं का औषध?"
"उंदराला थोडं बरं वाटलं."
"तो बोलला?"
"पाय उचलला नाही त्यानं."
त्यांनी मान हलवली, पोत कळल्यासारखी.
"तो केस आण एकदा. माझंही मोज."

हे करायचं नसतं. मी आणला.
सगळ्यांत बारीक, जो कुठलाच उंदीर मोजत नाही.
बरगडीखाली टेकवला, वाकेपर्यंत.
खाली एक माग थांबला, कुणाचा तरी धागा तुटला असणार.
त्यांचे हात कठड्यावर घट्ट झाले.
"पाय असता," ते म्हणाले, "तर उचलला असता."