सतरा टक्के

बातुमीत, बंदरामागच्या शाळेत, संध्याकाळी सात वाजता
मी फळ्यावर शिडी काढते.
वरच्या पायरीवर ऑल्वेज, शंभर टक्के.
तळाला नेव्हर, शून्य.
मध्ये युज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली,
खाली खाली येताना बारीक होत गेलेली अक्षरं.

समोर आठ पुरुष, पोरांच्या बाकांवर,
गुडघे वाटेत काढून बसलेले.
इंजिनातले तेलवाले, दोन खलाशी, वेल्डर मुर्मान,
आणि जेमाल, जहाजावरचा आचारी,
ज्याच्या बोटांना सुट्टीतही कांद्याचा वास येतो.
ऑल्वेज, असं म्हणत तो बोटं शेजाऱ्याच्या नाकाशी नेतो.
मे महिन्याआधी परीक्षा. नाहीतर कंपनी
दुसऱ्या देशातली माणसं घेणार.

मी सांगते, हा शब्द क्रियापदाच्या अलीकडे बसतो,
पण क्रियापद नुसतं ‘आहे’ असेल तर पलीकडे.
का, असं गोचा विचारतो.
गोचा, मलाही कुणी सांगितलेलं नाही.
आणि नेव्हरला नॉट जोडायचं नाही.
हे कुणालाच पटत नाही.
आमच्याकडे ‘कधीच’ म्हटलं की ‘नाही’ येतंच,
सुईमागून दोरा यावा तसं.
एवढ्याशा नकारात त्यांचं भागतं?
मुर्मान खरंच काळजीत पडतो.

वह्या मी घरी आणते.
‘आम्ही युज्वली लाइफबोट तपासतो.’
वाक्य बिनचूक. तरी लाल पेनानं लिहिते,
बाबा रे, परीक्षेत तरी ऑल्वेज म्हण.
नुगझारच्या वहीत,
‘माझी बायको ऑल्वेज समटाइम्स फोन करते.’
दोनातला एक शब्द खोडायला हवा.
पेन टेकवते, उचलते,
चुलीवर दूध उतू जातं,
ते पुसून येते, पुन्हा बसते.
शेवटी दोन्हींखाली नुसती रेघ ओढते
आणि वही मिटते.

गुरुवारी तोंडी परीक्षेचा सराव.
मी परीक्षक होते, चश्मा नाकावर खाली घेते.
मिस्टर जेमाल, हाउ ऑफन डू यू सी युअर फॅमिली?
वर्षातून दोन महिने.
तसं नाही. शिडीवरचा शब्द सांगा.
तो कानावरची पेन्सिल काढतो.
बाकावर, कुणा पोरानं कोरलेल्या नावाशेजारी,
दोनाला बारानं भागतो.
सोळा, पुढे सहा, सहा, सहा, संपतच नाही.
सतरा धरू, म्हणतो.
उठतो, फळ्यापाशी येतो,
रेअरली आणि समटाइम्सच्या मधल्या काळ्या जागेवर
बोट ठेवतो.
बाई, इथला शब्द कोणता?

मग वर्गच हातातून गेला.
मुर्मानचे निघाले पंचवीस. गोचाचे तेहतीस,
पण त्याचं जहाज दुरुस्तीला होतं, ते धरायचं नाही म्हणे.
नुगझार बराच वेळ बोटं मोजत राहिला
आणि आकडा सांगितलाच नाही.

मी म्हटलं, रेअरली म्हणा. चालेल.
जेमाल सरळ उभा राहिला, कॅप्टनसमोर राहावा तसा.
आय रेअरली सी माय फॅमिली.
शब्द जागच्या जागी. क्रियापदाच्या अलीकडे.
बरोबर आहे?
बरोबर आहे.
पुरे मार्क?
पुरे.
बसता बसता तो आमच्या भाषेत पुटपुटला,
हे वाक्य घरी पाठ करायचं नाही.

मेमध्ये पास झाला. जूनमध्ये गेला,
मला लोणच्याची बरणी देऊन,
तिच्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत,
‘ऑल्वेज कीप कोल्ड.’

आता नवे आठजण आहेत.
फळा मी पुसते, शिडी पुन्हा काढते.
रेअरलीच्या वर एका जागी
तेलकट बोटाचा ठसा आहे.
तिथे खडू घसरतो, उमटत नाही.