एकोणतीस युरोंचं बिऱ्हाड

इथे लिलाव उलटा चालतो.
कुणी बोली लावत नाही, हातोडा आपटत नाही.
भाव वरून खाली येतो, तासाला काही सेंट,
आणि कुठेतरी कुणी जागत बसलेलं असतं:
अजून थांबावं, की दुसरा उचलेल?

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
चारशे सतरा नंबर एकोणतीस युरोंवर आला
आणि गेला.
सहा वर्षं वापरलेला सर्व्हर. दोन डिस्क. एक पंखा जरा खोकतो.
आधीच्या बिऱ्हाडानं काय थाटलं होतं, ठाऊक नाही.
मी लेबल चिकटवलं, केबल खोचली,
हिरवा दिवा लागला. झाला गृहप्रवेश.

ही शेड पूर्वी लेसची गिरणी होती.
आई, ट्राउडल, इथेच तिसऱ्या रांगेत
एकवीस वर्षं मागापुढे उभी राहिली.
मागांचे बोल्ट अजून जमिनीत आहेत, कापून सपाट केलेले,
ट्रॉली नेताना चाक तिथेच ठेचकाळतं.
आई म्हणायची, लेस म्हणजे भोकं राखणं,
दोरा काय, कुणीही ओढतं.
घरीसुद्धा ती ओरडूनच बोलायची.
आता मीही. योर्ग म्हणतो, अगं इल्का,
समोरच तर बसलोय.

लोक विचारतात, एवढं स्वस्त कसं परवडतं तुम्हाला?
जुनं लोखंड, पडीक शेड,
सॅक्सनीच्या डोंगरातला फुकटचा गारवा,
आणि रात्रपाळीला मी.

चारशे सतरामध्ये कोण राहतं
हे मला कळायचं कारण नव्हतं.
ग्राहक क्रमांक. देश: एस्टोनिया. बस्स.
पण एकदा डिस्क बदलायच्या तिकिटावर त्यानं लिहिलं:
कृपया जपून. आत पक्षी आहेत.

मी हसले. मग पुढचं वाचलं.
बेटावरचं घर, छपरावर माइक,
शरदात रात्रीचे पक्षी दक्षिणेला जातात,
दिसत नाहीत,
एखादी हाक टाकून पुढे.
रोजचे दहा तास, नऊ वर्षं.
त्यातले साडेनऊ तास नुसता वारा,
पण तो तरी कसा टाकायचा?
खाली नाव: हेल्डुर प्यार्न.

मार्चचं भाडं आलं नाही.
एप्रिलचंही.
तीन पत्रं आपोआप गेली, एकेक पत्र आधीच्याहून सभ्य.
मग माझ्या पडद्यावर ओळ आली: ४१७ खाली करा.
खाली करणं सोपं असतं.
सामान रस्त्यावर काढायचं नाही, शेजारी जमत नाहीत,
फक्त प्रत्येक जागी शून्य लिहायचं,
पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत
शून्य, शून्य, शून्य,
भोकं, आणि भोवती दोरा नाही.

आत डोकावायला मनाई आहे. मी डोकावले नाही.
नोंदवहीत लिहिलं: पंखा सदोष, दुरुस्तीसाठी बाजूला.
खोटं नव्हतं.
चार दिवस मिळाले.
आणि काढलेली केबल
मी परत खोचली. हे मात्र नोंदवहीत नाही.

तिसऱ्या रात्री दिवा लुकलुकू लागला.
कुणीतरी ओढून घेत होतं, हळू,
फार बारीक लाइनवरून, जणू सुईच्या नेढ्यातून.
तोच? मुलगी? सून? घर विकायला आलेलं कुणी?
मी स्टुलावर बसून कॉफी प्यायले.
दिवा पहाटेपर्यंत चालला,
दुसरा दिवसभर,
मग चौथ्या रात्री, साडेअकराला, थांबला.
संपलं म्हणून, की तुटलं म्हणून,
ते दिव्यावरून कळत नाही.

मी वाट पाहिली. मग शून्यं सुरू केली.
अकरा तास लागले.

आता चारशे सतरा पुन्हा लिलावात आहे,
चौतीसवरून निघालाय, उतरतोय.
पंखा मी खरंच बदलला.
नवा अजिबात खोकत नाही.
तिसऱ्या रांगेतून जाताना
मला तो ओळखू येत नाही.