बादलीची जागा

तिकडून नको, इकडून ये. तो दरवाजा
समुद्राचा वारा प्यायला की फुगतो.
फोटो काढायला आलास ना? हल्ली सगळे त्यासाठीच येतात.
मागे दोन जपानी मुली आल्या होत्या, अख्खी दुपार
बाकावर उताण्या पडून छताकडे बघत.
मी अट्रॅक्टा. चाळीस वर्षं किल्ल्या माझ्याकडे.

जुनं चर्च दगडी होतं. भिंती हातभर, खिडक्या वीतभर.
फादर आमच्याकडे पाठ करून लॅटिन पुटपुटायचे
आणि त्यांच्या झग्यावरची जर
एवढीच काय ती आमची देवाशी ओळख.
मग रोमहून पत्र आलं: लोकांकडे तोंड करा.
कॅनन टूही म्हणाले, नुसती वेदी कशाला, चर्चच फिरवू.
सदुसष्ट साल. जुने दगड गेले
गाड्या लावतात त्या आवाराच्या कुंपणात.
एकावर अजून अर्धा देवदूत आहे.

वास्तुकार म्हणजे पंचविशीतला पोरगा, फेलिम ब्रॉफी.
पुठ्ठ्याचं चर्च काखेत घेऊन आला,
आमच्या स्वयंपाकघरात पावाशेजारी ठेवलं.
आई म्हणाली, टोपी आहे.
बाबा म्हणाले, उलटी होडी.
तो म्हणाला, गोल आहे. गोलाला मागचा बाक नसतो,
कुणी मागे राहणार नाही.
पहिल्याच रविवारी पुरुषांनी
गोलाची मागची बाजू शोधून काढली:
दाराबाहेर, भिंतीला टेकून, सिगारेट तळव्याआड धरून.
अजून तिथेच असतात. उरलेत तेवढे.

पैसा बॉस्टनच्या पाकिटांतून आला.
शिलिंग-शिलिंगनं आला. कुणी किती दिले
ते वेदीवरून मोठ्यानं वाचायचे,
म्हणून ऐपत नव्हती त्यांनीही दिले.
गिलरॉयबाईंनी कालवड विकली
आणि त्यांचंच नाव वाचायचं राहिलं.
त्या परत आल्या नाहीत. आणल्या, शवपेटीतून.

भिंतीला हात लाव. लाव रे, काही होत नाही.
काँक्रीट आहे, पण रेघा लाकडाच्या.
बाबा होड्या बांधायचे, साचा त्यांनीच केला,
फळीला फळी अशी भिडवून
की जणू हे पाण्यात सोडायचंय.
काँक्रीट सुकलं, फळ्या निघाल्या,
त्या हिवाळ्यात आम्ही त्याच जाळून शेकलो.
ही गाठ बघ, माझ्या खांद्याशी.
ही फळी माझ्या भावानं, कोलमननं ठोकली
आणि त्याच आठवड्यात बोटीनं गेला.
बाबा पवित्र पाण्यात बोट बुडवायचं विसरत,
पण या गाठीवर अंगठा टेकवल्याशिवाय
कधी आत गेले नाहीत.

आणि छत. छत गळतं.
उद्घाटनालाच गळलं, नेमकं बिशपच्या टोपीवर.
कॅनन म्हणाले, आशीर्वाद आहे.
मग डांबर झालं, तांबं झालं,
कॉर्कहून आलेल्या माणसाचं काहीतरी फवारून झालं.
आशीर्वाद थांबेना.
कम्युनियननंतर सगळे डोळे मिटून गप्प बसतात
तेव्हा बादली एकटीच बोलते. टप्प.
पोरं फिदीफिदी हसायची.
आता पोरं नाहीत, हसू मला येतं.

गेल्या नोव्हेंबरात एक म्हातारा आला, कोट निथळत होता.
नाव सांगितलं नाही. तिसऱ्या बाकावर बसला.
वर बघत नाही असा पाहुणा मी पहिल्यांदा पाहिला.
नुसता ऐकत होता.
मग उठला, गुडघ्यावर हात टेकून वाकला
आणि बादली वीतभर डावीकडे सरकवली.
थेंब बरोबर मधोमध पडला.
इतकी वर्षं मी शिंतोडे पुसतेय!
चहा घेणार का, मी विचारलं.
तो म्हणाला, दाराशी पुरुष अजून उभे राहतात?

आता सरकार म्हणतं, हा वारसा आहे.
छताला हात लावायचा तर तीन कचेऱ्यांची परवानगी.
फादर चिदिएबेरेंकडे तीन पॅरिश,
आमची मिस्सा दर तिसऱ्या रविवारी.
बाकीच्या रविवारी मी येते, पाणी ओतते, जाते.

काय म्हणालास? बादली फोटोच्या मधे येतेय?
येऊ दे.