वीस टक्के

बॅटरीचं ते चित्र माझं आहे.
फोनच्या कोपऱ्यातलं, नखाएवढं,
वीस टक्क्यांना लाल होणारं.
लाल नेमका कुठला, यावर आम्ही
सान्तियागोत नवव्या मजल्यावर अकरा दिवस भांडलो.
रिकामं होणं दिसावं, पण धसका बसू नये,
असं माझं म्हणणं. ते मान्य झालं.

मग वाल्पाराइसोला शिकवू लागले.
पहिल्याच तासाला सांगायचे : हातातली वस्तू
उलटी काढत जा, मागे मागे,
जिथून आली तिथपर्यंत.
मुलं कारखान्याच्या फाटकाशी थांबायची.
एकट्या नेफ्तालीनं कागद कोराच दिला.
म्हणाला, कोरा नाही बाई, मीठ आहे.
आमच्या गावामागचं.
मी त्याला दहापैकी तीन दिले.

आता पन्नाशी उलटल्यावर
त्याच कागदावर उभी आहे.
मीठ बुटाखाली करकरतं,
नांगरून तसंच टाकून दिलेल्या रानासारखी ढेकळं,
आणि पलीकडे तळ्यांचे चौकोन :
मोरपंखी, पिस्ता, हळदीचा पिवळा.
सांगायला लाज वाटते,
आधी मला रंगच आवडले.

जमिनीच्या पोटातलं खारं पाणी उपसतात,
वर्ष-दीड वर्ष उन्हात पसरून ठेवतात.
ऊन पाणी पितं.
उरतं ते आपण खिशात घालून हिंडतो.
हे सगळं प्रबंधात आहे, तळटीपांसकट.

तळटिपेत नाही ती एउलोखिया चाइलेची टाकी.
पेइने गावात, घरामागे, सिमेंटची.
आतल्या भिंतीला खिळे, एकाखाली एक.
दर ऑगस्टात पाणी जिथं असेल तिथं
नवरा एक ठोकायचा.
तो गेल्यापासून ती ठोकते.
मी शिडी धरली, ती वाकून दाखवत होती.
शेवटच्या खिळ्याला लाल लोकर.

लाल का, मी विचारलं.
घरात तीच होती, ती म्हणाली.

अकरा दिवस.

निघताना सहज नेफ्तालीचं नाव काढलं.
तो? कंपनीचा टँकर चालवतो की.
मंगळवारी पाणी घेऊन येतो आम्हांला.
भेटायचं तर थांब.

आज शनिवार.
तिनं मला खाट दिलीय, दोन घोंगड्या,
आणि तोंड धुवायला एक वाटी.
गुण बदलायची मुदत
केव्हाच टळून गेलीय, ठाऊक आहे.
तरी दप्तरातून एक कागद काढून ठेवलाय.
वाऱ्यानं उडू नये म्हणून
त्यावर फोन ठेवलाय, बंद करून.