पाणसळ

मुहर्रकच्या या संग्रहालयाला उद्या पंचवीस वर्षं होतील.
भिंती दोनदा रंगवून झाल्या,
खजुराची खोकी आली,
आणि बंद पडलेल्या मरजान स्टुडिओचे
एकशे चाळीस फोटो, नुकतेच विकत घेतलेले,
माझ्या टेबलावर पालथे पडलेत.

मी फ्रेमा लावतो.
मुनीराबाई यादी वाचतात, शिबू शिडी धरतो,
मी पाणसळ टेकवतो.
बुडबुडा मधे आला की खिळा.

एकोणीस : अज्ञात कामगार, अंदाजे १९७६.
वीस : अज्ञात.
एकवीस : अज्ञात, हातात रेडिओ.
तेविसाच्या हातातही तोच रेडिओ.
तिसाव्याला लक्षात आलं,
कोटही एकच आहे.
राखाडी, रुंद कॉलरचा, खिशाशी उसवलेला.
जाड्याची बटणं लागत नाहीत,
बारक्याला मागून टाचण्या मारून आवळलाय,
म्हणून तो श्वास धरून हसतोय.

हा कोट मला माहीत आहे.
गुहागरला, आमच्या मीटरच्या पेटीवर,
बाबा तो घालून उभे असतात.
सुट्टीवर आले की आम्ही भावंडं
त्यांची ट्रंक तळापर्यंत उपसायचो.
टॉर्च निघायचा, ब्लँकेट, टँगची बाटली, नेलकटर.
कोट नाही.
"तिकडंच ठेवलाय," म्हणायचे, "इथं कसर लागंल."
आणि आई मान डोलवायची,
जणू तिनंच घडी घालून दिला होता.

बाबा या गठ्ठ्यात नाहीत.
दोनदा पाहिलं. एकदा घाईनं,
एकदा शिबू जेवायला गेल्यावर.
कोट मिळाला संग्रहालयाला, रेडिओ मिळाला,
मागच्या पडद्यावरचा निळा धबधबा मिळाला,
ज्याच्याखाली कुणीच भिजलेलं नाही.

मुनीराबाईंना सांगितलं
तर कार्डावर एक ओळ वाढवतील, बाई चांगल्या आहेत.
पण त्या ओळीत काय लिहायचं?
कोट : सोनू बाळू शिगवण, वेल्डर, यांचा.
अर्ध्या दिनारात, एका फोटोपुरता.
आणि मग बाकीच्या चाळीस जणांनी काय करायचं?
त्यांच्याही घरी पेटीवर, कपाटात, देवाजवळ
तो त्यांचाच असेल.

अडतीस.
"वाकडा लागलाय," मुनीराबाई दारातून म्हणतात.
बुडबुडा मधोमध.
"सरळ आहे, मॅडम," शिबू म्हणतो.
"डावीकडे उतरलाय. बघा ना."

मी जवळ जातो.
फ्रेम सरळच आहे.
माणसाचा एक खांदा खाली गेलाय,
पाइप वाहून की पोती, कोण जाणे,
कोटाच्या आतूनही तो लपत नाही.

"माणूसच तसा आहे," मी म्हणतो.
त्या चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा घालतात.
काही बोलत नाहीत.

उद्या पाहुणे येणार.
मी उजवी बाजू सुताभर खाली घेतो.
तो सरळ उभा राहतो.
बुडबुडा एका कडेला जाऊन बसतो.

शिडी पुढं घे, शिबू.
एकोणचाळीस.