खुरावरचं वळं

दर सहा आठवड्यांनी, गुरुवारी, मी येते इथे,
लिमरिकच्या कडेला, जिथे घरं संपतात
आणि जळक्या गाड्यांचे सांगाडे सुरू होतात.
कानस, सांडशी, नाला, खिळ्यांचा डबा.
नोरीन क्विलिगन चहा टाकते. साखर विचारत नाही.

तबेल्यात नऊ घोडे. काही टाकून दिलेले,
काही रस्त्यावरून धरून आणलेले.
पोरं सहा. त्यांच्याबद्दलही
फारसं वेगळं सांगता येणार नाही.

कहल आला तेव्हा सोळाचा होता.
गाड्या पळवायचा. एक पेटवलीही.
कोर्टाचा कागद होता बरोबर, चार पानी.
नोरीनने तो चंदीच्या पिंपावर ठेवला
आणि उडू नये म्हणून वर खरारा.
नेटलने, त्या कबऱ्या घोडीने, कागद वाचला नाही.
तिने आवळलेल्या मुठी पाहिल्या,
छातीतच अडकलेला श्वास ऐकला,
कान मागे पाडले.

"हिला मी आवडत नाही."
"तिला तू अजून ठाऊकच नाहीस," मी म्हटलं.
"पाय माग तिच्याकडे. ओढू नकोस.
खांदा टेकव, हात वरून खाली ने,
आणि थांब."
"किती वेळ?"
ते काही मी सांगितलं नाही.
पाचशे किलोचं जनावर पाय देतं तेव्हा
पळून जायची वाटच तुझ्या हातात ठेवतं.

नोव्हेंबरात तिचा मागचा डावा खूर पिकला.
दिवसातून दोनदा सोसेल इतकं गरम मिठाचं पाणी,
पोटीस, पट्टी, वर पोत्याचा तुकडा.
कुणी अंगावर घेईना. कहलने घेतलं.
घरी तसंही कुणी नसतं, म्हणाला.

आठव्या दिवशी बादली लवंडली.
त्याने लाथ घातली, बादलीला, भिंतीला,
मग एक शिवी, बहुधा वारशात मिळालेली.
घोडी दोर तोडून, तीन पायांवर,
कुरणाच्या पार त्या टोकाला.

मागे गेला, ती लांब गेली.
हाक मारली, आणखी लांब.
नोरीन खिडकीतून बघत राहिली, मदतीला गेली नाही.
शेवटी त्याने तीच बादली पालथी घातली
आणि घोडीकडे पाठ करून बसला,
शॅननवरून येणाऱ्या गारठ्यात, दीड तास.
नोरीन सांगते, तो रडत नव्हता.
कहल सांगतो, थोडा रडत होता.
मग मानेवर ऊन श्वास.
त्याने वळून पाहिलं नाही. तेवढं शिकला होता.

पुढच्या खेपेला खूर तासताना
मी त्याला दाखवलं: केसांच्या रेघेखाली एक वळं.
"हे ते दुखणं. खूर वरून खाली वाढतो,
महिन्याला करंगळीच्या नखाएवढा.
जमिनीला पोचायला वर्ष लागेल.
तोवर दिसत राहणार."
"मग कानशीने घासून टाका ना."
"टाकता येतं. दिसायला साफ होईल,
पण भिंत पातळ पडेल."
तो बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिला.

गोड शेवट माझ्याकडे नाही.
मार्चमध्ये त्याने कुणाचं तरी नाक फोडलं.
एप्रिलभर आला नाही. घोडी फाटकापाशी उभी राहायची;
तिथे ऊन असायचं, म्हणूनही असेल.

मेमध्ये तारीख पडली. वळं तोवर निम्म्यावर आलेलं.
न्यायाधीशबाईंनी विचारलं, काही म्हणायचंय?
कहल उभा राहिला, कुणाचा तरी कोट घालून,
बाह्या बोटांपर्यंत.
"पुढची तारीख गुरुवारी नको, बाई.
गुरुवारी नालबंद येते.
माझ्याशिवाय नेटल मागचा डावा देत नाही कुणाला."

खोटं होतं ते. मला देते.
मी मागच्या बाकावर होते,
नखांतला खुराचा भुसा काढत.
गप्प बसले.